लग्नाचा एपिसोड संपला की प्रेम कुठं जातं? मालिकांमधल्या अर्धवट राहिलेल्या जोड्या

गोदाकाठची, गंगाखेड

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला विषय आहे, म्हणून धागा काढतेय. मराठी मालिकांमधल्या कोणत्या जोड्यांच्या प्रेमाला लेखकांनी पुरेसा वेळच दिला नाही असं तुम्हाला वाटतं? नायक-नायिकाच हवेत असं नाही. दुय्यम पात्रं चालतील, पन्नाशी-साठीतली जोडपी तर आवर्जून सांगा.

माझं मत आधी मांडते. आपल्या मालिकांना लग्नापर्यंतचं प्रेम लिहिता येतं. चोरून बघणं, गैरसमज, कबुली, मग हळद-मेंदीचे आठवडाभर चालणारे विशेष भाग. एकदा अक्षता पडल्या की त्या दोघांकडं एकमेकांशी बोलायला काही उरतच नाही. बोललेच तर दागिने कुणी चोरले, दुधात काय कुणी मिसळलं आणि आईंना हे कसं सांगायचं, एवढंच.

मला याचं फार वाईट वाटतं, कारण आमच्याकडं प्रेमाची सुरुवातच तिथून होते. मराठवाड्यात आजही बहुतेक घरांत पाहुणे येतात, पोहे होतात, मुलीला चार प्रश्न विचारतात आणि तारीख काढतात. खरी ओळख लग्नानंतरच. माझ्या सासूबाई सांगतात, त्या नवीन असताना सासऱ्यांशी चारचौघांत बोलायची सोय नव्हती. सासरे जिनिंगवर कामाला. बाजाराच्या दिवशी घरचा सगळा बाजार पिशवीतून आणायचे आणि पिशवीच्या तळाशी कागदात गुंडाळलेला गजरा असायचा. म्हणून पिशवी रिकामी करायला सासूबाई स्वतःच बसायच्या, नणंदांना हात लावू द्यायच्या नाहीत. हे सांगताना त्या आजही पदर तोंडाला लावतात. असलं काही मालिकेत का येत नाही?

एकदा आलं होतं. 'जुळून येती रेशीमगाठी' (2013 ते 2015). मेघनाचं मन दुसऱ्यात गुंतलेलं, वडिलांच्या हट्टापायी लग्न आदित्य देसाईशी. आणि आदित्य तिच्यावर हक्क न गाजवता आधी तिचा मित्र होतो. ललित प्रभाकर आणि प्राजक्ता माळी दोघांनी काय संयमानं केलं होतं ते! प्रेम लग्नानंतर, त्याच घरात, नाना-माईंच्या डोळ्यांदेखत, हळूहळू. (नाना-माई म्हणजे आदित्यचे आई-वडील.) आमच्या गल्लीत त्या वेळी साडेआठच्या आत भाकऱ्या उरकायची घाई असायची.

आणि माझी राहून गेलेली जोडी : 'माझ्या नवऱ्याची बायको'मधले राधिका आणि सौमित्र. मालिका 2016 ते 2021 चालली, म्हणजे वेळ नव्हता असं कुणी म्हणू नये. नवऱ्यानं फसवलेली, एका मुलाची आई असलेली बाई पुन्हा कुणावर विश्वास टाकते, ही केवढी मोठी गोष्ट आहे. अद्वैत दादरकरांचा सौमित्र शांत, ऐकून घेणारा माणूस. त्या दोघांचं लग्न झालं आणि पुन्हा सगळा पडदा पहिल्या नवऱ्याच्या, गुरुनाथच्या खेळ्यांनी भरला. राधिकाला दुसऱ्या संसारात पहिल्यांदा हक्कानं रुसावंसं कधी वाटलं? सौमित्रला तिच्या हातचं काय आवडायचं? अथर्वशी त्याचं जमायला किती दिवस लागले? मला हे बघायचं होतं.

तुमच्या जोड्या सांगा.

मांजराकाठ, लातूर

ताई, धागा एकदम मनातला. माझ्याकडून अरुंधती-आशुतोष.

'आई कुठे काय करते' मी आईमुळं बघायला लागलो. सुरुवातीला जेवताना समोर चालू असायची म्हणून, नंतर माझं मीच साडेसातला दुकानातून घरी यायला लागलो. आशुतोष केळकर म्हणजे कॉलेजपासून अरुंधतीवर जीव असलेला आणि तिच्या गाण्याची किंमत कळलेला माणूस. ओंकार गोवर्धननं ते फार हळुवार केलं. मधुराणी प्रभुलकर त्याच्याशी बोलताना आवाज बदलायच्या. पहिल्या नवऱ्यासमोर, अनिरुद्धसमोर जो दबलेला आवाज असायचा तो गळून पडायचा. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, आईनं दाखवलं.

2023 मध्ये त्यांचं लग्न लागलं तेव्हा आमच्या घरात आईच्या तीन मैत्रिणी येऊन बसल्या होत्या. घरातलं लग्न असल्यासारखं बघितलं सगळ्यांनी. आणि 2024 मध्ये आशुतोषला अपघातात मारून टाकलं. जेमतेम वर्षाचा संसार, त्यातही निम्मा वेळ पहिल्या सासरच्या, देशमुखांच्या भानगडी निस्तरण्यात. रोज कुणीतरी दार वाजवायचं आणि अरुंधती निघाली त्यांच्या समृद्धी बंगल्याकडं.

आईचं म्हणणं असं, की पन्नाशीच्या आसपासच्या बाईला प्रेम द्यायचंच होतं तर ते पुरतं द्यायचं होतं. चार महिने नुसते ते दोघं गाण्याची तालीम करताना दाखवले असते तरी आम्ही बघितलं असतं.

सुसला_चहा, अंबाजोगाई

समीर-शेफाली! समीर-शेफाली! समीर-शेफाली!

'माझी तुझी रेशीमगाठ' (2021-23). यशचा मित्र आणि नेहाची मैत्रीण. संकर्षण कऱ्हाडे आणि काजल काटे. हे दोघं स्क्रीनवर आले की घरातलं वातावरण हलकं व्हायचं. यश-नेहाचं प्रेम मोठं होतं, नेहाची मुलगी परी गोड होती, सगळं मान्य. पण यश-नेहा प्रेमाबद्दल बोलायचे आणि समीर-शेफाली गप्पा मारायचे. मला गप्पा मारणारं जोडपं जास्त खरं वाटतं. माझी मोठी बहीण आणि भाऊजी असेच आहेत. रात्री जेवण झाल्यावर ओट्यावर बसून जगाच्या गोष्टी करतात.

त्यांना स्वतःचा असा ट्रॅक मिळाला तो तुकड्या-तुकड्यात. यश आजोबांना कसं सांगणार याची चर्चा करायला समीर, नेहाला धीर द्यायला शेफाली. शेवटच्या टप्प्यात नेहाची अनुष्का झाली तेव्हा तर या दोघांना कुणी विचारलंच नाही.

आणि संकर्षण आपला परभणीचा आहे, त्यामुळं हक्कानं बोलतेय.

गोदाकाठची, गंगाखेड

@सुसला_चहा, समीर-शेफालीला माझंही जोरदार अनुमोदन. परभणीचं नाव निघालंच आहे तर अजिंक्य राऊतही आमच्या परभणीचाच. 'मन उडू उडू झालं'मधला इंद्रा. त्या मालिकेचं मला विशेष कौतुक वाटतं. कर्जवसुली करणारा मुलगा आणि देशपांडे सरांची सरळमार्गी मुलगी दीपू, म्हणजे हृता दुर्गुळे. अरुण नलावडेंनी केलेले सर एवढे तत्त्वाचे, की अशा घरात या मुलाबद्दल बोलायचं कसं हाच खरा पेच. प्रेम जमेपर्यंतचं सगळं छान रंगवलं आणि वर्षभरातच मालिका संपली. लग्नानंतर सासरे-जावयांचं कसं जमत गेलं, दीपूनं त्या दोघांच्या मधे कसं निभावलं, यावर सहज सहा महिने निघाले असते. आमच्याकडं नव्या नवरीचा निम्मा जीव त्याच काळजीत असतो, की माझ्या वडिलांशी हे नीट बोलतील ना.

देवणी_उदगीर

माझं थोडं वेगळं हाय. आमच्याकडं राणादा आणि पाठकबाई लईच गाजले. 'तुझ्यात जीव रंगला' लागलं की आमचा चुलता 'चालतंय की' म्हणतच घरात यायचा. शिकलेली बाई न शिकलेल्या पैलवानाला अक्षर शिकवती, आन् तो तिला गाव शिकवतो, हे एवढं भारी होतं की बास. ते शिकवायचे सीन अजून डोळ्यापुढं हायत.

मग काय झालं? नंदिता वहिनीचे डाव. राणादा गेला, परत आला तो राजा राजगोंडा होऊन. आता मला सांगा, ज्या माणसाला आम्ही हातात पाटी घेऊन बघितलं त्येला असला रुबाबदार करून काय मिळवलं? अंजलीबाईंनी त्येला लिहायला शिकवलं, मग त्यानं बायकोला एक चिठ्ठी तरी लिहायची की ओ! मी त्या चिठ्ठीची वाट बघूलालतो.

हार्दिक जोशी आन् अक्षया देवधरचं 2022 मध्ये खरंच लगीन झालं तवा आमच्या माईनं साखर वाटली.

हिंगोलीकर

श्री-जान्हवी, 'होणार सून मी ह्या घरची'. सहा सासवांच्या घरात त्या दोघांना एकत्र चहा प्यायला मिळाला नाही. 'काहीही हं श्री' एवढं एक वाक्य आठवतं, कारण तेवढंच त्यांचं दोघांचं होतं.

पडद्यामागे, छत्रपती संभाजीनगर (सध्या गोरेगाव)

काही वर्षं मालिकांच्या लेखन टीममध्ये काम केलंय, म्हणून दुसरी बाजू सांगतो. कुणाचं समर्थन म्हणून नाही, हे घडतं कसं ते कळावं म्हणून.

अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून हातात साधारण बावीस मिनिटं उरतात. आठवड्याला सहा भाग, कधी सातही. दर गुरुवारी बार्कचे आकडे, म्हणजे टीआरपी, येतात. आकडा घसरला की त्याच दिवशी फोन सुरू होतात आणि पुढच्या आठवड्याचं लिहिलेलं बदलतं. आता विचार करा, नवरा-बायको गच्चीवर बसून बोलताहेत असा सहा मिनिटांचा सीन आणि खलनायिकेनं कागदपत्रं बदलली असा सहा मिनिटांचा सीन. पहिल्या सीननंतर प्रेक्षक समाधानानं टीव्ही बंद करू शकतो. दुसऱ्यानंतर उद्याची वाट बघावीच लागते. सगळं गणित इथं येऊन अडतं.

दुसरं कारण तारखांचं. संकर्षणसारखा नट नाटकांचे दौरेही करत असतो, सूत्रसंचालनही करतो. दुय्यम पात्रांचे महिन्यातले दिवस ठरलेले असतात. समीर-शेफालीचा सलग आठवडा लिहायचा तर दोघांचेही दिवस जुळावे लागतात. नाही जुळले की ती गोष्ट 'ती मावशीकडे गेली आहे' या एका वाक्यात संपते.

तिसरं, कोविड. 2020 मध्ये मार्चपासून चित्रीकरण बंद होतं, जुलैत नवे भाग सुरू झाले ते सरकारी नियमावली घेऊन. अंतर ठेवा, मिठी नको, सेटवर माणसं कमी. 65 वर्षांवरच्या कलाकारांना तर सुरुवातीला सेटवर यायलाच बंदी होती, ती पुढं न्यायालयात रद्द झाली. त्या काळात ज्या जोड्यांचं प्रेम फुलायचं होतं त्यांचं नुकसान झालं ते झालंच. 2021च्या दुसऱ्या लाटेत सगळी युनिट्स गोवा, सिल्वासा असं बाहेर हलली आणि तिथल्या लोकेशनला सोयीचे सीन लिहावे लागले.

पण गोदाकाठची ताईंचा मूळ मुद्दा मला पटतो. लग्नानंतर काय लिहायचं हे ट्रॅकच्या मीटिंगमध्ये कुणी विचारतच नाही. 'लग्न लागलं, आता अडथळा काय?' हाच प्रश्न असतो.

नांदेडची_सिस्टर

दीपा आणि कार्तिक, 'रंग माझा वेगळा'. यांच्याबद्दल मला मनापासून राग आहे.

रेश्मा शिंदेची दीपा मला फार जवळची वाटायची. रंगावरून ऐकून घेत मोठी झालेली मुलगी, आणि तिच्यावर मनापासून प्रेम करणारा डॉक्टर नवरा. एवढी सुंदर सुरुवात. पुढं काय, तर कार्तिकचा समज करून दिला जातो की तो बाप होऊ शकत नाही, म्हणून दीपाच्या पोटातलं बाळ दुसऱ्याचं. आणि हा डॉक्टर माणूस बायकोला घराबाहेर जाऊ देतो. मुली मोठ्या झाल्या तरी संशय जात नाही.

मी पंधरा वर्षांहून जास्त काळ हॉस्पिटलात काम करते. मूल होत नाही म्हणून येणारी जोडपी रोज बघते. आपल्या भागात अजून पहिली तपासणी बाईचीच होते. नवऱ्याला तपासणीसाठी तयार करणं हे आमचं सगळ्यात अवघड काम. आणि जे नवरे तयार होतात, रिपोर्ट कमी आला तरी बायकोचा हात धरून बाहेर बाकावर बसतात, त्यांचं प्रेम मी बघितलेलं आहे. एक जोडपं मुखेडकडून यायचं. तो बाहेरच्या टपरीवरून दोन कप चहा आणायचा, तिचा कप फुंकून द्यायचा, मग स्वतःचा प्यायचा. एवढंच. कार्तिकनं दुसऱ्या लॅबमध्ये एक तपासणी केली असती तर दोन-तीन वर्षांचा छळ वाचला असता आणि त्या जागी असं काहीतरी दाखवता आलं असतं. मालिका गावोगाव बघितली जाते. डॉक्टर नवराच संशय घेतो म्हटल्यावर आमच्याकडं येणाऱ्या बाईला कोण धीर देणार?

मांजराकाठ, लातूर

सिस्टर, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणते, चहाचा कप फुंकून देणाऱ्याची मालिका काढा, मी रोज बघते.

अबोली, धाराशिव

मी सहसा फक्त वाचते, आज लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझी जोडी आसावरी आणि अभिजित राजे, 'अग्गंबाई सासूबाई'.

2019 मध्ये ही मालिका आली तेव्हा माझ्या मावशीला एकटं राहून बरीच वर्षं झाली होती. काका अपघातात गेले तेव्हा ती चाळिशीचीही नव्हती. मुलांना शिकवलं, लग्नं लावून दिली. आमच्या गावात बाईच्या दुसऱ्या लग्नाबद्दल कुणी तोंडातून शब्द काढत नाही. पुरुषाचं मात्र वर्ष सरायच्या आत जमवतात. मावशी निवेदिता सराफांना बघायची आणि काही बोलायची नाही. फक्त मालिका चुकवायची नाही.

सून शुभ्रा पुढाकार घेऊन सासूचं लग्न लावते, ही कल्पनाच आमच्याकडं केवढी मोठी होती. आणि गिरीश ओकांचा अभिजित राजे म्हणजे शेफ. जिनं आयुष्यभर दुसऱ्यांना वाढलं तिला कुणीतरी ताट करून वाढतंय. मला वाटतं मराठी मालिकांत यापेक्षा चांगली कल्पना फार कमी आली असेल. रवी पटवर्धनांचे करारी आजोबा हळूहळू विरघळत गेले तेही सुंदर.

लग्न झालं 2020च्या सुरुवातीला, आणि पाठोपाठ लॉकडाऊन. त्यानंतर गोष्ट आसावरीच्या मुलाची, सोहमचीच झाली. सोहमची प्रकरणं, सोहमचे हट्ट, आसावरी पुन्हा त्याच्यामागं. अभिजित राजे समजूतदारपणे बाजूला उभे. मला एकदा तरी बघायचं होतं, की सकाळी उठून आसावरीला आठवतं की आज कुणाचा डबा नाही, आणि ती पुन्हा झोपते. किंवा ते दोघं कुठंतरी फिरायला जातात आणि तिला स्वतःला काय खायचंय ते सांगता येत नाही, कारण तिला कुणी कधी विचारलेलंच नाही. या वयातल्या प्रेमात लाजणं वेगळं असतं. एवढ्या वर्षांनी दुसऱ्या माणसाच्या घोरण्याची सवय करायची, देव्हाऱ्यात दोघांचे देव मांडायचे, पहिल्या नवऱ्याचा फोटो कुठल्या भिंतीवर लावायचा ते ठरवायचं. फोटोचा प्रश्न तर माझ्या मते सगळ्यात मोठा. चांगला माणूस असेल तर तो स्वतः खिळा ठोकून देईल.

पुढं 'अग्गंबाई सूनबाई' आली आणि सोहमच्या भूमिकेत आले अद्वैत दादरकर, म्हणजे धाग्याच्या सुरुवातीचा आपला सौमित्र. मावशीला ते काही केल्या पटेना.

गोदाकाठची, गंगाखेड

अबोली, फोटोचा खिळा वाचून मी थांबले. तुझ्या मावशीला माझा नमस्कार सांग. तू लिहीत जा गं, नुसती वाचू नकोस.

जालन्याचा_जावई, पुणे

माझं मत थोडं वेगळं. लग्नानंतरचं प्रेम लिहिता येत नाही असं नाही. शेवट ठाऊक असेल तर येतं. 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' आठवा. 2012 मधली, वर्षसुद्धा चालली नाही. घना आणि राधा घरच्यांच्या कटकटीतून सुटायला खोटं लग्न करतात आणि लग्न झाल्यावर प्रेमात पडतात. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी, दिग्दर्शक सतीश राजवाडे. गोष्ट सांगून झाली, संपवली. आज इतक्या वर्षांनी माझी बायको जालन्याला माहेरी गेली की बहिणी-बहिणी त्याच्याबद्दल बोलतात.

'ठरलं तर मग'मध्येही कंत्राटी लग्नच आहे. अर्जुन-सायली मला आवडतात, अमित भानुशाली आणि जुई गडकरीची जोडी छानच दिसते. पण मनातलं ओठांवर यायला महिनोन्महिने गेले. दर वेळी बोलायला तोंड उघडलं की फोन वाजतो नाहीतर खलनायिका प्रिया दारात उभी. मालिका 2022च्या डिसेंबरपासून चालू आहे. लोकांनी त्या दोघांना नंबर एकवर ठेवलं ते त्यांच्यासाठी, सायलीला वाढवणाऱ्या मधुभाऊंच्या केसच्या तारखांसाठी नाही.

पडद्यामागे, छत्रपती संभाजीनगर (सध्या गोरेगाव)

@जालन्याचा_जावई, शेवट ठाऊक असण्याबद्दल शंभर टक्के सहमत. उलट उदाहरण द्यायचं तर 'येऊ कशी तशी मी नांदायला'. ओम आणि स्वीटूवर लोकांनी जीव लावला होता. नायिका सडपातळ नाही आणि नायकाला त्याचं काही वाटत नाही, हे मराठीत नवीन होतं. आणि भर मांडवात स्वीटूचं लग्न मोहितशी लावलं. प्रेक्षकांनी केवढा संताप व्यक्त केला होता ते आठवत असेल. त्या एका धक्क्यानंतर त्या दोघांवर पुन्हा तसा विश्वास बसला नाही. पुढं ते एकत्र आले तेव्हा बघणारे निम्मे निघून गेले होते.

सुसला_चहा, अंबाजोगाई

हो! आमच्या हॉस्टेलवर त्या रात्री कुणी जेवलं नाही. स्वीटू आम्हाला आमची वाटायची. माझ्या रूममेटला बघायला आलेल्या पाहुण्यांनी 'मुलगी जरा अंगानं आहे' म्हणून नकार कळवला होता, त्याच महिन्यात ही मालिका सुरू झाली होती. तिला ओमनं किती आधार दिला ते मला माहिती आहे.

देवणी_उदगीर

अक्षरा आन् अधिपती पण घ्या यादीत. 'तुला शिकवीन चांगलाच धडा'. तो 'मास्तरीणबाई' म्हणायचा ते ऐकायलाच मी बसायचो. हृषिकेश शेलारनं काय केलंय काम! पण घरात कविता लाडांची भुवनेश्वरी असल्यावर बाकी कुणाला जागा कुठली. आईचा शब्द आन् बायकोचा शब्द यात अडकलेला गडी आमच्या गावात घरटी एक हाय. त्यानं बायकोची बाजू घ्यायला शिकणं हेच खरं शिकणं होतं, तिथं लई घाईत उरकलं.

आन् अधिपतीचे वडील चारुहास आन् भुवनेश्वरी? एका घरात राहून वर्षानुवर्षं अबोला. त्या दोघांवर तर दुसरी मालिका व्हायला पायजे.

दामिनीपासून, परभणी

मी 'दामिनी'पासून मालिका बघते. 1997 साली सह्याद्रीवर सुरू झाली, आपल्या औरंगाबादच्या प्रतीक्षा लोणकर. दुपारची मालिका होती आणि लाईट असेल तर बघायची, नाहीतर संध्याकाळी शेजारणीकडून ऐकायची. अवांतर होतंय, पण मुद्दा आहे. तेव्हा नायिका नोकरी करत होती, प्रश्न विचारत होती. तिला नवरा मिळाला का, यापेक्षा ती काय करते याची आम्हाला उत्सुकता होती.

तुम्ही सगळ्या तरुण जोड्यांबद्दल बोलताय, त्यात अबोलीनं एक आमच्या वयाची काढली. मला सध्याच्या 'लक्ष्मी निवास'बद्दल सांगायचंय. तुषार दळवी आणि हर्षदा खानविलकर. श्रीनिवास आणि लक्ष्मी, आयुष्यभर स्वतःच्या घराचं स्वप्न बघणारे नवरा-बायको. मुलांचे प्रश्न संपत नाहीत, जावयाचं नवीनच काहीतरी. मला त्या दोघांचे सीन वाढवून हवे आहेत. आमचे हे रिटायर झाल्यावर पहिल्यांदा दिवसभर घरात दिसायला लागले. एवढ्या वर्षांत आम्ही दुपारी एकत्र जेवलो नव्हतो. आधी मला अडचण व्हायची, हे स्वयंपाकघरात येऊन डबे उघडून बघायचे. आता बारा वाजले की तेच कांदा चिरून ठेवतात. त्याला काही कुणी प्रेम म्हणत नाही. मी म्हणते.

गोदाकाठची, गंगाखेड

काकू, नमस्कार. मीही म्हणते.

एक प्रश्न सगळ्यांना. राणा-अंजली कोल्हापूरचे, 'लागिरं झालं जी'मधले शीतल-अजिंक्य साताऱ्याचे, राधिका नागपूरची. आपल्याकडचे नट पडद्यावर भरपूर, पण आपल्या बोलीत प्रेम करणारी जोडी कुठंय? 'काहून गं, जेवलीस का?' असं विचारणारा नवरा मला मालिकेत ऐकायचाय. अशी जोडी असलीच तर कोण असावीत?

नांदेडची_सिस्टर

ती आशाताई, म्हणजे गावातली आरोग्याचं काम बघणारी आशा कार्यकर्ती. नवरा एसटीत कंडक्टर, मुक्कामी गाडीवर. तो रात्री देगलूरला आणि ती गावात बाळंतपणाच्या गडबडीत. दोघांची भेट एक दिवसाआड.

देवणी_उदगीर

मग ती पीएचसीला, म्हंजी सरकारी आरोग्य केंद्रात जायला त्याच्याच गाडीत बसती. सगळ्या गावादेखत तो तिला तिकीट फाडून देतो आन् ती पैसे देती. दोघं एक शब्द बोलूलाले नाहीत. फक्त सुट्टे परत देताना तो हातावर गोळ्या-बिस्किटाचा पुडा ठेवतो.

अबोली, धाराशिव

आणि येळवशीला, म्हणजे शेतात जेवायच्या वेळा अमावस्येच्या सणाला, त्याला सुट्टी मिळत नाही. ती शेतातून आंबील आणि भज्जीचा डबा घेऊन स्टँडवर येते. गाडी सुटायची वेळ झालेली असते. ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून मुद्दाम पाच मिनिटं काढतो.

दामिनीपासून, परभणी

सासूला खाष्ट करू नका. सासू त्या डब्यात गुपचूप जास्तीची भाकरी ठेवणारी असू द्या.

पडद्यामागे, छत्रपती संभाजीनगर (सध्या गोरेगाव)

थांबा, मी हे सगळं उतरवून घेतोय. गेल्या कित्येक मीटिंगमध्ये एवढं ऐकलं नव्हतं. सिस्टर, आशाताईंची कामाची वेळ, नोंदवह्या, मानधन कधी आणि कसं येतं हे मला नीट लिहून पाठवाल का? कंडक्टरच्या मुक्कामी ड्यूटीबद्दल कुणाच्या घरात माहिती असेल तर तीही. अट एकच घालतो : यांचं लग्न पहिल्याच भागात, पहिल्या ब्रेकच्या आधी लागलेलं असेल.

सुसला_चहा, अंबाजोगाई

माझे वडील कंडक्टर होते. काय हवं ते विचारा. मुक्कामी गाडीत झोपताना उशाला तिकिटाची पेटी घेतात, इथून सुरू करा.